मुदत टळली तरी जागचे न हललेले टायमर

सर्व्हर पडला तर फोन खणखणतात. पासवर्ड चालला नाही तर माणूस लगेच ओरडतो. ठरल्या वेळी एखादं काम आपोआप करणारा टायमर चालला नाही तर मात्र काहीच होत नाही, कारण जे व्हायचं होतं तेच झालेलं नसतं. लॉगमध्ये चूक नाही, डॅशबोर्डवर लाल ठिपका नाही, कुणाच्या मेलमध्ये इशारा नाही. म्हणून आमच्याकडे हा बिघाड पहिल्यांदा कळला तो बँकेच्या कर्ज विभागातल्या एका अधिकारी बाईंकडून. "अहो मॅडम, तुमची सिस्टीम म्हणते सगळं हिरवं आहे. मग या लोकांना कागदपत्रांचे मेसेज का गेले नाहीत? माझ्या टेबलासमोर एक गृहस्थ बसलेत, महिना उलटून गेलाय, आणि एक कागद राहिलाय हे त्यांना आज कळतंय."

बँक नागरी सहकारी, नाव इथे महत्त्वाचं नाही. गृहकर्जाचा अर्ज आला की तो आमच्या वर्कफ्लोत, म्हणजे पायरीपायरीने पुढे नेणाऱ्या प्रणालीत, शिरतो. एखादा कागद कमी असेल तर अर्ज 'कागदपत्रांची प्रतीक्षा' या पायरीवर थांबतो आणि त्या पायरीला तीन टायमर चिकटवलेले असतात. सातव्या दिवशी ग्राहकाला आठवण, पंधराव्या दिवशी शाखा व्यवस्थापकाला सूचना, तिसाव्या दिवशी अर्ज बंद. पहिले दोन पायरीला धक्का न लावता बाजूने काम करून जातात. तिसरा पायरीच संपवतो. हा वर्कफ्लो चालवणारं इंजिन कॅमुंडा ७, टॉमकॅट या जावा सर्व्हरवर सगळ्या ॲप्लिकेशन्ससाठी एकच सामाईक इंजिन, दोन नोड (म्हणजे दोन सर्व्हर), खाली पोस्टग्रेस हा डेटाबेस.

ज्यानं घरासाठी विसार दिलाय, ज्याच्या साठेखताची मुदत पळतेय, त्याच्यासाठी सातव्या दिवसाचा तो एक मेसेज फार मोठा असतो. हे मनात असल्यामुळेच मला हा शोध नेहमीच्या बगसारखा 'पुढच्या स्प्रिंटला बघू' म्हणून ढकलता आला नाही.

अशा वेळी बहुतेक जण आधी डायग्राम, म्हणजे प्रक्रियेच्या पायऱ्यांचं चित्र, उघडतात. मला आता ठाम वाटतं की आधी डेटाबेस उघडावा. डायग्रामवरचं घड्याळाचं चित्र म्हणजे फक्त इच्छा. अर्ज त्या पायरीवर पोचतो, ट्रान्झॅक्शन (डेटाबेसमधल्या बदलांचा एक गठ्ठा) पूर्ण होतं, आणि त्या क्षणी 'ॲक्ट-आरयू-जॉब' नावाच्या टेबलात एक ओळ पडते. तिच्यात नियत वेळ असते, किती प्रयत्न शिल्लक आहेत ते असतं, कुणी तिला लॉक केलंय का ते असतं, ती निलंबित आहे का ते असतं. टायमर म्हणजे ती ओळ, इंजिनाच्या भाषेत 'जॉब'. इंजिनाच्या पोटात कुठेही घड्याळ टिकटिकत नसतं. जॉब एक्झिक्युटर नावाचा एक धागा (थ्रेड, म्हणजे इंजिनात समांतर चालणारं काम) ठरावीक अंतराने टेबलाकडे जाऊन विचारतो, 'वेळ झालेलं काही आहे का?' असेल तर थोड्या ओळी उचलतो, स्वतःच्या नावाने लॉक करतो आणि कामाच्या धाग्यांकडे देतो. काहीच मिळालं नाही तर पुढची फेरी थोडी लांबवतो. मूळ सेटिंगमध्ये हे अंतर पाच सेकंदांपासून वाढत साठ सेकंदांपर्यंत जातं. त्यामुळे टायमर मिनिटभर उशिरा हलला तर तो बिघाड नव्हे. आमच्याकडे प्रश्न आठवड्यांचा होता.

(ज्या ॲक्टिविटी या इंजिनातून कॅमुंडा २०१३ मध्ये वेगळं झालं, त्याच्यामुळेच या टेबलांच्या नावांत 'ॲक्ट' आहे. त्याच घराण्यातलं फ्लोएबल वापरत असाल तर टायमर आधी 'ॲक्ट-आरयू-टायमर-जॉब' या वेगळ्या टेबलात राहतात आणि वेळ झाली की जॉबच्या टेबलात सरकतात. तेव्हा दोन्हीकडे बघा.)

डेटाबेस सांभाळणाऱ्या सहकाऱ्याला बरोबर घेऊन क्वेरी लिहिली. नियत वेळ आत्तापेक्षा मागे आहे अशा सगळ्या ओळी, जुनी आधी. उत्तर आलं तेव्हा दोघंही गप्प झालो. काही शेकडो ओळी होत्या. आणि प्रत्येक ओळ निरोगी. प्रयत्न शिल्लक तीनच्या तीन. लॉक कुणाचं नाही. निलंबित नाही. अपवादाचा (एररचा) मजकूर रिकामा.

या 'निरोगी' शब्दावर जरा थांबायला हवं, कारण अर्धं निदान इथेच होतं. टायमर चालला पण पुढचं काम फसलं असतं, तर शिल्लक प्रयत्न कमी झाले असते. ते शून्यावर आले की इंजिन इन्सिडेंट नोंदवतं आणि कॉकपिटमध्ये, म्हणजे इंजिनाच्या देखरेखीच्या पडद्यावर, लाल दिसतं. आमच्या कॉकपिटमध्ये एकही इन्सिडेंट नव्हता, आणि कर्ज विभागाला 'सगळं हिरवं आहे' असं याच आधारावर सांगितलं जात होतं. कुणी प्रक्रिया निलंबित केली असती तर ते स्थितीच्या रकान्यात दिसलं असतं. एखादा नोड काम हातात घेऊन कोसळला असता तर लॉकवर त्याचं नाव राहिलं असतं, आणि तेही मूळ सेटिंगनुसार पाच मिनिटांनी कालबाह्य होऊन दुसऱ्या नोडने काम उचललं असतं. यातलं काहीच नव्हतं. ओळींना कुणी हातच लावलेला नव्हता.

मग जॉब एक्झिक्युटर झोपलाय का? नाही, कारण त्याच दिवशी इतर अर्जांचे टायमर वेळेवर चालले होते. धागे तुंबलेत का हेही पाहिलं. कामाचे धागे मुळात थोडेच असतात. एखाद्या बाहेरच्या सेवेला टाइमआउट न लावता हाक मारलेली असेल आणि ती सेवा गप्प बसली, तर सगळे धागे तिच्या दारात अडकून राहतात. ही शंका नेहमीच रास्त असते. दोन्ही नोडचे थ्रेड डंप, म्हणजे प्रत्येक धागा काय करतोय याची नोंद, काढले. धागे मोकळे होते. दोन्ही सर्व्हरची घड्याळं तपासली, कारण 'आत्ता' म्हणजे किती हे इंजिन डेटाबेसला विचारत नाही, ज्या जावा वातावरणात (जेव्हीएम) ते चालतं त्याला विचारतं. घड्याळंही जुळत होती.

यानंतर आम्ही जे केलं त्याने शोध एकदम अरुंद झाला. कर्ज विभागाशी बोलून एक अर्ज निवडला, ज्याच्या ग्राहकाला आठवण जायला कुणाचीच हरकत नव्हती. त्याच्या अडकलेल्या टायमरची ओळ इंजिनाला बाहेरून हुकूम द्यायच्या रेस्ट एपीआयमधून हाताने चालवायला सांगितली. क्षणात चालली. मेसेज गेला, नोंद झाली, ओळ टेबलातून नाहीशी झाली. म्हणजे डायग्राम बरोबर, डेटा बरोबर, मेसेज पाठवणारा वर्कर बरोबर. बिघाड फक्त 'उचलण्यात' होता.

आमच्या सगळ्या चाचण्या इतकी वर्षं हिरव्या का होत्या, तेही इथेच कळलं. चाचणीत आपण घड्याळ पुढे सरकवतो आणि जॉब हाताने चालवतो. ती पद्धत चांगली आहे, वेगवान आहे, पण ती उचलण्याची पायरी वळसा घालून टाळते. जी गोष्ट तुटली होती तिला चाचणीने कधी स्पर्शच केला नव्हता.

मग एका नोडवर लॉगची पातळी डीबगवर नेली आणि डेटाबेसकडे जाणारी मूळ क्वेरी उमटवली. मजकूर लांबलचक होता, आणि त्यात एक अट होती जी आमच्या क्वेरीत नव्हती: 'डिप्लॉयमेंट आयडी या यादीतला हवा'. (डिप्लॉयमेंट म्हणजे इंजिनावर एका वेळी चढवलेला प्रक्रियांचा संच.) यादी होती. अडकलेल्या ओळींचे डिप्लॉयमेंट आयडी काढून शेजारी ठेवले. त्यातला एकही यादीत नव्हता.

टपाल पेटीत पडलेलं आहे, पत्ता नीट आहे, तिकीट लावलेलं आहे, फक्त ती गल्ली कुठल्याच पोस्टमनच्या यादीत नाही. हुबेहूब तसं.

असं का होतं ते समजून घेण्यासारखं आहे. सामाईक इंजिनावर अनेक ॲप्लिकेशन्स असू शकतात आणि क्लस्टरच्या प्रत्येक नोडवर प्रत्येक ॲप्लिकेशन असेलच असं नाही. ज्या नोडवर जावाचा संबंधित क्लासच नाही, त्याने ते काम उचललं तर ते फसणार. म्हणून 'जॉब एक्झिक्युटर डिप्लॉयमेंट अवेअर' नावाचं सेटिंग आहे. ते चालू असेल तर नोड फक्त स्वतःकडे नोंदलेल्या डिप्लॉयमेंटची कामं उचलतो. टॉमकॅटच्या तयार वितरणात हे चालूच येतं. स्प्रिंग बूटच्या मार्गाने गेलात तर मुळात बंद असतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं: ही नोंदणी डेटाबेसमध्ये राहत नाही. ती चालत्या इंजिनाच्या मेमरीत असते. रिस्टार्ट झाला की ती कोरी, आणि ॲप्लिकेशन वर येताना पुन्हा भरली जाते.

ती भरताना जुन्या आवृत्त्यांचं काय? त्याचीही सोय आहे. वॉर फाइल, म्हणजे ॲप्लिकेशनचा बांधलेला गठ्ठा, वर येते तेव्हा तिच्यात ज्या प्रक्रिया आहेत, त्यांच्या की (ओळखीची नावं) बघून इंजिन त्याच कीच्या आधीच्या डिप्लॉयमेंटही नोंदवून घेतं. त्यामुळे डायग्राम दहादा बदलला तरी जुन्या आवृत्तीवर चालू असलेले अर्ज अनाथ होत नाहीत. अट एकच: प्रक्रियेची की तीच राहिली पाहिजे.

आमच्या प्रकल्पात काही काळापूर्वी कर्जाचे नियम बदलले होते. जुने अर्ज जुन्या नियमाने आणि नवे नव्याने चालावेत म्हणून नव्या डायग्रामला नवी की दिली गेली. जुन्या कीवर आता नवा अर्ज सुरू होणार नाही, म्हणून जुनी फाइल वॉरमधून काढली गेली. विचार सरळ होता. डायग्रामची प्रत डेटाबेसमध्ये राहतेच, त्यामुळे जुने अर्ज उघडत होते, चित्र दिसत होतं, अधिकारी 'मंजूर' दाबत होते आणि अर्ज पुढे सरकत होता. मेसेज पाठवणं वगैरे सगळं एक्स्टर्नल टास्कने व्हायचं. म्हणजे बाहेरचा वर्कर येऊन काम मागून न्यायचा, वॉरमधला क्लास लागायचाच नाही. डेलिगेट क्लास, म्हणजे काम करणारे वॉरमधले जावाचे क्लास, असते तर पहिल्याच दिवशी 'क्लास सापडला नाही' म्हणून बोंब झाली असती. आमची रचना सुटसुटीत होती, म्हणून बोंब झाली नाही. माणसाच्या हाताने होणारी प्रत्येक गोष्ट चालू राहिली आणि इंजिनाने आपणहून करायची प्रत्येक गोष्ट थांबली.

कारण सापडलं होतं आणि उपायही लहान होता. जुनी फाइल पुन्हा वॉरमध्ये ठेवायची. हेच सेटिंग बंद करून टाकायचा पर्यायही होता, आणि आमचे दोन्ही नोड सारखेच असल्याने तो चाललाही असता, पण त्याच इंजिनावर दुसऱ्या एका टीमचं ॲप्लिकेशन होतं जे एकाच नोडवर बसवलेलं होतं. जुने अर्ज नव्या डायग्रामवर स्थलांतरित करणं हा तिसरा मार्ग. तिथे नियमांचाच प्रश्न होता, म्हणून तो बँकेने नाकारला.

फाइल परत ठेवा, रिस्टार्ट करा, झालं. इथेच मी सगळ्यांना थांबवलं, आणि या सबंध प्रकरणात मला सर्वात जास्त काळजी वाटली ती याच टप्प्याची.

नोंदणी झाल्या क्षणी इंजिन त्या शेकडो थकलेल्या ओळी उचलायला लागणार होतं. ज्या अर्जाला महिना उलटला आहे त्याच्या तिन्ही ओळींची वेळ टळलेली होती: आठवण, सूचना आणि बंद करणं. एकाच अर्जाचे जॉब इंजिन एकापाठोपाठ एक चालवतं, एकदम चालवत नाही, हे खरं. पण कुठला आधी याची मूळ सेटिंगमध्ये हमी नाही. म्हणजे काही अर्जांत 'बंद' आधी चाललं असतं आणि आठवणीची ओळ पायरीबरोबरच पुसली गेली असती. ज्या माणसाला एक कागद कमी आहे हे कधी सांगितलंच गेलं नाही, त्याला थेट अर्ज बंद झाल्याचा मेसेज. क्रम बरोबर लागला असता तरी काय? सकाळी 'कृपया कागद आणा' आणि त्याच मिनिटाला 'मुदत संपली'. तांत्रिकदृष्ट्या इंजिनाने सांगितलेलं काम चोख केलं असतं.

म्हणून क्रम असा लावला. आधी जुन्या कीच्या सगळ्या जॉब डेफिनिशन (टायमरच्या मूळ व्याख्या) त्यांच्या जॉबसकट निलंबित केल्या. निलंबित ओळ कुणी उचलत नाही, आणि तिची नियत वेळ मात्र बदलता येते. मग फाइल परत ठेवून नवी वॉर चढवली, रिस्टार्ट केला आणि इंजिनालाच विचारून नोंदलेल्या डिप्लॉयमेंटची यादी घेतली. जुने आयडी आता तिच्यात होते. त्यानंतर अडकलेल्या अर्जांची यादी कर्ज विभागाकडे दिली.

त्या अधिकारी बाईंनी ती यादी शाखांना वाटली आणि प्रत्येक नावापुढे शेरा मागवला. काहींनी तोवर दुसऱ्या बँकेकडून कर्ज घेतलं होतं. काहींचे कागद शाखेत येऊन पडले होते, पण सिस्टीममध्ये चढवले नव्हते. ते चढवल्याबरोबर पायरी पूर्ण झाली आणि तिचे तिन्ही टायमर आपोआप गेले. बाकीच्यांसाठी नवी वेळापत्रकं ठरली. आठवण कामाच्या दिवशी, सकाळच्या वेळेत, शाखांचे फोन तुंबणार नाहीत अशा बेताने विभागून. व्यवस्थापकाची सूचना त्यानंतर आठ दिवसांनी, आणि अर्ज बंद होण्याआधी पुढचे पंधरा दिवस पूर्ण. मूळ आखणीत दोन टप्प्यांत जेवढं अंतर होतं तेवढं ग्राहकाला मिळालंच पाहिजे, यावर त्या बाई अडून बसल्या आणि मला ते मनापासून पटलं. प्रत्येक ओळीची नियत वेळ एपीआयने बदलली, थेट डेटाबेसमध्ये हात घातला नाही. जॉबची ओळ इंजिन आवृत्तीच्या आकड्यासकट सांभाळतं, तिथे परभारे अपडेट चालवणं म्हणजे नवं दुखणं ओढवून घेणं. सगळं तपासून झाल्यावर निलंबन उठवलं. पहिला मेसेज गेला तेव्हा आम्ही फोनवर होतो. "गेला," त्या म्हणाल्या, "आता मी पुढच्याला फोन करते," आणि ठेवून दिला.

टेबल उघडलंच होतं, म्हणून इतर प्रक्रियांच्या ओळीही चाळल्या. त्यात आणखी काही हाती लागलं.

एका प्रक्रियेत शाखेने तीस मिनिटांत उत्तर द्यायचं, नाहीतर काम वर सरकायचं, असा टायमर होता. त्याच्या ओळींची नियत वेळ अडीच वर्षं पुढची. डायग्राममध्ये लिहिलं होतं 'पी३०एम'. वेळ लिहिण्याच्या आयएसओ ८६०१ या मानकात 'टी' च्या आधीचा एम म्हणजे महिना आणि नंतरचा एम म्हणजे मिनिट. हवं होतं 'पीटी३०एम'. इंजिनाच्या दृष्टीने दोन्ही लिखाणं वैध, म्हणून डिप्लॉय करताना कुणी अडवत नाही.

दुसऱ्या एका ठिकाणी संध्याकाळी सहाला निघायचा अहवाल रात्री साडेअकराला निघत होता. तारीख-वेळ लिहिताना शेवटी कालविभाग दिलेला नव्हता आणि तो सर्व्हर यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) होता. साडेपाच तासांचा फरक दिसला की आपल्याकडे दुसरं कारण शोधायची गरज फारशी पडत नाही. वेळेला '+०५:३०' जोडलं.

आणि एक टायमर असा होता की त्याची ओळच टेबलात कधी पडत नव्हती. तो एका सर्व्हिस टास्कला, म्हणजे इंजिनाने आपणहून करायच्या पायरीला, लावलेला होता, 'बाहेरच्या सेवेने दोन मिनिटांत उत्तर दिलं नाही तर इकडे वळा' म्हणून. पण ते टास्क त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये सरळ जावाची हाक मारत होतं. ट्रान्झॅक्शन पूर्ण होईपर्यंत ओळ डेटाबेसमध्ये जाऊन बसत नाही, आणि पूर्ण झालं की टास्क संपलेलं असतं, म्हणजे टायमरही रद्द. तो टायमर कधीच चालू शकत नव्हता. ते काम एक्स्टर्नल टास्क केलं, म्हणजे अर्ज तिथे खरोखर थांबतो आणि टायमरची ओळ पडते. शिवाय त्या हाकेला स्वतःचा टाइमआउट लावला, जो आधीपासूनच असायला हवा होता.

आता देखरेखीला दोन क्वेरी आहेत. पहिली दर पाच मिनिटांनी पाहते: नियत वेळ पंधरा मिनिटांहून जास्त मागे आहे, निलंबित नाही, प्रयत्न शिल्लक आहेत आणि तरी जागेवर आहे अशी एकही ओळ आहे का. असेल तर फोन वाजतो. ही क्वेरी त्याच इंजिनाच्या टायमरवर लावायची सूचना आली होती, ती मी मानली नाही. ती दुसऱ्या मशीनवरच्या क्रॉनमधून, म्हणजे वेळापत्रकाने कामं चालवणाऱ्या साध्या यंत्रणेतून, चालते. पण 'पी३०एम' सारखी ओळ या जाळ्यात येत नाही, कारण तिची वेळ टळलेलीच नसते. म्हणून दुसरी क्वेरी प्रत्येक रिलीजनंतर चालवतो: नियत वेळ साठ दिवसांहून पुढे आहे अशा ओळी, प्रक्रियेच्या आणि पायरीच्या नावासकट. ती यादी आम्ही कर्ज विभागाला पाठवतो, आणि प्रत्येक ओळीपुढे 'हो, इतकंच थांबायचं आहे' असं त्यांच्याकडून लिहून आल्याशिवाय रिलीज पूर्ण झाली असं धरत नाही.